ब्रिटिशांच्या मुंबईत जर्मन फादरांची शाळा

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. धोबीतलावच्या सेंट झेवियर्स हायस्कूलचा विषय निघाला, की ‘इंग्रजांच्या राज्यात मुलांची ही शाळा जर्मन फादरांनी कशी काढली, आणि तिथे सगळ्यांना ख्रिस्ती कसे केले नाही?’ हा जोडप्रश्न ठरलेला असतो.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुंबईच्या कॅथलिकांत पोर्तुगालच्या राजाचा अधिकार मानणारे आणि थेट रोमचा मानणारे असे दोन तट होते. हे भांडण इतके विकोपाला गेले, की १८५३ साली रोमने नेमलेले धर्माधिकारी हार्टमन माहीमच्या सेंट मायकेल चर्चमध्ये दारे लावून बसले आणि विरोधकांनी बाहेर वेढा दिला. त्याच दशकात मुंबई-पुण्याचे मिशन जर्मन येशूसंघीयांकडे (जेझुइट या कॅथलिक संघाच्या फादरांकडे) आले. त्यांनी माझगावची सेंट मेरीज १८६४ साली, पुण्याची सेंट व्हिन्सेंट्स १८६७ साली आणि झेवियर्स १८६९ साली उभी केली. पुढे १८७२ साली जर्मनीचा चॅन्सेलर बिस्मार्क याने येशूसंघालाच जर्मनीबाहेर काढले. स्वदेशात शिकवण्याची सोय न उरलेली विद्वान माणसे परदेशच्या मिशनांना मिळाली, आणि बिस्मार्कचे हे उपकार मुंबईने फारसे मोजलेले नाहीत.

धर्मांतराच्या शंकेचे उत्तर मला फादरांच्या उदारपणापेक्षा सरकारच्या हिशेबात अधिक सापडते. १८५४ च्या वुडच्या खलित्याने, म्हणजे हिंदुस्थानच्या शिक्षणधोरणाच्या सरकारी पत्राने, खाजगी शाळांना अनुदान देऊ केले ते लौकिक विषयांच्या शिक्षणासाठी. धर्मशिक्षणात सरकार लक्ष घालणार नव्हते. म्हणजे इन्स्पेक्टर तपासणार ते गणित आणि इंग्रजी. शिवाय उत्तम इंग्रजीसाठी फी भरायला तयार असलेले पालक मोठ्या संख्येने हिंदू आणि पारशी होते, आणि त्यांचा विश्वास गमावणे शाळेला परवडणारे नव्हते. या तडजोडीतून जी रीत रुजली ती अशा शाळांत शिकलेल्या प्रत्येकाला आठवत असेल: एकाच तासाला कॅथलिक मुले वह्या उचलून कॅटेकिझमला, म्हणजे ख्रिस्ती धर्मशिक्षणाला जात, आणि मागे उरलेल्या जोशी, मिस्त्री, शेख यांना ‘मॉरल सायन्स’ असे. त्यात खरे बोलणे, वेळ पाळणे, आईवडिलांचा मान राखणे असे धडे येत, आणि परीक्षेत त्यांवर प्रश्नही विचारले जात. खरे बोलण्यावरच्या प्रश्नाला कॉपी करणारेही निघत, ही गोष्ट वेगळी.

पहिल्या महायुद्धात हे जर्मन फादर एका रात्रीत शत्रूराष्ट्राचे नागरिक ठरले. काहींना स्थानबद्ध केले, पुढे बहुतेकांना मायदेशी धाडले. त्या पडझडीत कामाला आलेले इंग्रज येशूसंघीय आल्बन गुडियर १९१९ साली मुंबईचे आर्चबिशप झाले आणि विसाच्या दशकात मिशन स्पॅनिश फादरांकडे गेले. सुनील गावसकर या शाळेकडून क्रिकेट खेळले तेव्हा जर्मनांचा काळ संपून चार दशके उलटली होती, त्यामुळे ‘जर्मन फादरांची शाळा’ हे वर्णन पहिल्या पंचेचाळीसेक वर्षांपुरतेच खरे आहे.