अर्धी माहीत असलेली गोष्ट आणि स्पॅनिश

स्पॅनिश शिकायला कुठून सुरुवात करू असं कुणी विचारलं की मी आता एकच सांगते, गोष्टी ऐका, आणि त्यातही अशा गोष्टी शोधा ज्या तुम्हाला अर्ध्या आधीच माहीत आहेत. ॲपवरची सुटी वाक्यं मीही भरपूर केली, शब्द पाठ होतात त्याने, त्याबद्दल तक्रार नाही, पण 'माझ्या काकांकडे मांजर आहे' हे ऐकल्यावर त्या काकांचं पुढे काय झालं हे जाणून घ्यायची कुणाला घाई नसते. गोष्टीत ती घाई असते, पुढचं कळल्याशिवाय चैन पडत नाही, आणि मग कान आपोआप ताणला जातो. स्टीफन क्रॅशन नावाचे अमेरिकन भाषातज्ज्ञ साधारण १९८०च्या आसपासपासून हेच सांगतायत, की भाषा मुख्यतः आपल्याला समजतंय असं काहीतरी भरपूर ऐकून-वाचून येते, नियम पाठ करून नाही. त्यांच्यावर वाद घालणारे अभ्यासकही आहेत, पण ऐकण्याच्या बाबतीत मला तरी त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटलंय.

आता 'समजतंय असं' इथेच सगळी गोम आहे. नवख्याला समजेल असं स्पॅनिश म्हणजे फार बाळबोध स्पॅनिश, आणि मोठ्या माणसाला त्याचा दहा मिनिटांत कंटाळा येतो. त्यावर मला सापडलेला उपाय म्हणजे अर्धी माहीत असलेली गोष्ट. माणसं कोण, गाव कुठलं, शेवटी काय झालं हे डोक्यात असेल तर शब्द निम्मे सुटले तरी धागा सुटत नाही. आणि स्पॅनिश बोलणाऱ्या जगाशी आपला काय संबंध, आपला संबंध पोर्तुगीजांशी, असं मलाही वाटायचं, पण शोधायला लागलं की बरंच काही निघतं. साधी गोष्ट, १५८० नंतर स्पेनचा राजा दुसरा फिलिप हाच पोर्तुगालचाही राजा झाला आणि हे १६४० पर्यंत चाललं, म्हणजे साठ वर्षं गोव्याचा राजा तांत्रिकदृष्ट्या स्पेनचाच राजा होता!

माझ्यासाठी दार उघडलं ते सेंट फ्रान्सिस झेवियरने. गोव्याला गेलेल्या जवळपास प्रत्येकाने जुन्या गोव्यातली बॉम जेझूची बासिलिका बघितलेली असते, तिथलं ते शव, दर दहा वर्षांनी होणारं दर्शन, २०२४-२५ मध्ये झालं, गोंयचो सायब म्हणून असलेली श्रद्धा, हे सगळं आपल्याला ऐकून माहीत असतं. पण हा माणूस मूळचा कुठला हे कधी डोक्यात येत नाही. तो उत्तर स्पेनमधल्या नवारा प्रांतातला. 'नाथिओ एन एल कास्तिय्यो दे हाविएर', हाविएरच्या किल्ल्यात जन्मला (झेवियर हे हाविएरचंच रूप), हे वाक्य मला पहिल्याच फटक्यात अख्खं कळलं, कारण त्यात कळायला नवीन होतं ते फक्त किल्ला. (स्पेनमध्ये नाथिओ म्हणतात, लॅटिन अमेरिकेत नासिओ, कान दोन्हीला लवकर सरावतो.)

आणि मग पुढची गोष्ट इतकी भारी आहे की मी ती पुन्हा पुन्हा ऐकली. नवारा हे स्वतंत्र राज्य होतं, १५१२ मध्ये ते स्पेनमधल्या कास्तिय या मोठ्या राज्याने जिंकून घेतलं, झेवियरचं घराणं हरलेल्या बाजूचं, त्यामुळे पुढे त्यांच्या किल्ल्याचे बुरूज पाडले गेले, हे सगळं त्याच्या लहानपणी. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत त्याचे भाऊ एका बाजूला, आणि समोर कास्तियच्या बाजूने लढताना तोफेच्या गोळ्याने पाय मोडून पडलेला एक सरदार, इग्नेशियस लोयोला. काही वर्षांनी पॅरिसला शिकायला गेलेला झेवियर आणि हाच लोयोला एका खोलीत राहायला येतात, आणि तिथून जेझुइट या ख्रिस्ती धर्मगुरूंच्या पंथाची सुरुवात होते! १५४२ च्या मे महिन्यात झेवियर गोव्याला उतरतो आणि इथून पुढची गोष्ट आपल्या बाजूची.

नवाराच्या लोकांसाठी तो आजही घरचा माणूस आहे, ३ डिसेंबरला, त्याच्या पुण्यतिथीला, नवारा दिवस असतो, आणि मार्चमध्ये प्रांतभरातून हजारो लोक पायी चालत हाविएरच्या किल्ल्यावर जातात, त्याला हाविएरादा म्हणतात. पायाला आलेले फोड, रस्त्यात गावकऱ्यांनी दिलेलं खाणं, दरवर्षी त्याच ग्रुपबरोबर चालणारी मंडळी, हे वर्णन ऐकताना मला एकही शब्द डिक्शनरीत बघावासा वाटला नाही, वारी आपल्या घरात आहे त्यामुळे पुढचं वाक्य काय असणार हे आधीच कळत होतं. फक्त एक सांगते, तिकडच्या गोष्टींचा जीव बहुतेक झेवियरच्या बालपणात आणि प्रवासात असतो. १५४६ मध्ये त्याने पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, मागितलं होतं आणि त्याच्या मृत्यूनंतर १५६० मध्ये ते गोव्यात आलंही, त्यामुळे इथल्या माणसांचं काय झालं, हे आपण आपल्या बाजूने वाचून ठेवलेलं बरं. दोन्हीकडची गोष्ट माहीत असली की ऐकणं जास्त जागं राहतं.

भाषेचं म्हणाल तर मराठी माणसाला स्पॅनिश ऐकताना जो फायदा आहे तो शिकवताना कुणी फारसा सांगत नाही, कारण बहुतेक जण इंग्रजीतून स्पॅनिश शिकवतात. इंग्रजीवाल्यांना स्पॅनिशमधले भूतकाळाचे दोन प्रकार कुठे कुठला वापरायचा यासाठी धडेच्या धडे लागतात. आपल्याला 'गेलो' आणि 'जायचो' यातला फरक जन्मापासून माहीत आहे! तसंच 'मला आवडतं', कॉफी आवडते आणि आंबे आवडतात, क्रियापद वस्तूच्या मागे जाणार, स्पॅनिशमध्ये सेम. 'मी घर पाहिलं' पण 'मी आईला पाहिलं', माणूस आला की 'ला' लागतो, तिकडेही घराला काही लागत नाही पण आईच्या आधी एक 'आ' लागतो. त आणि द आपलेच, दाताला जीभ लावून, प आणि क मध्ये हवा नाही. त्यामुळे माझं प्रामाणिक मत आहे की इंग्रजी बाजूला ठेवून स्पॅनिश सरळ मराठीच्या कानाने ऐका, निम्मं व्याकरण तिथेच सुटतं.

हा भूतकाळाचा फरक माझ्या डोक्यात कायमचा बसला तो अर्जेंटिनाच्या आयांच्या गोष्टीने. १९७६ ते १९८३ तिथे लष्करी हुकूमशाही होती, हजारो तरुण मुलंमुली उचलून नेली, परत आलीच नाहीत. ३० एप्रिल १९७७ ला काही आया ब्युनॉस आयर्समध्ये राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोरच्या प्लासा दे मायो या चौकात जमल्या, मुलं कुठेत विचारायला. जमावबंदी होती, उभं राहायचं नाही, पोलिस म्हणाले 'सिर्कुलेन', चालत्या व्हा. तर त्या खरंच चालायला लागल्या, हातात हात घालून, दोघीदोघी, चौकातल्या स्मारकाभोवती गोल गोल. मग गुरुवार ठरला, दुपारी साडेतीन. ओळख पटावी म्हणून डोक्याला पांढरं कापड बांधायच्या, सुरुवातीला बाळाचं लंगोटाचं कापड. पहिल्यांदा सगळ्यांना एकत्र करणारी आसुसेना विय्याफ्लोर, तिलाच त्या वर्षीच्या डिसेंबरमध्ये उचलून नेलं, आणि तिचे अवशेष सापडून ओळख पटायला २००५ साल उजाडलं. तिची राख त्याच चौकात पुरली आहे.

ऐकताना काय होतं बघा, 'कामिनाबान', चालायच्या, दर गुरुवारी, पाऊस असो पोलिस असो, आणि मध्येच एका दिवशी 'से ला येवारोन', तिला घेऊन गेले, तिथे क्रियापदाचा शेवट बदलतो आणि पोटात गोळा येतो. वर्षानुवर्षं चालणारं एका प्रकारात आणि एकदाच घडून सगळं मोडणारं दुसऱ्या प्रकारात, हे मला कुठल्याही तक्त्याने इतकं शिकवलं नसतं. शिवाय तिकडचे उच्चार वेगळे, 'येवारोन'चं 'शेवारोन' होतं, 'यो' म्हणजे मी, त्याचं 'शो' होतं, पहिली काही मिनिटं वेगळीच भाषा वाटते आणि मग एकदम ऐकू यायला लागतं.

ऐकण्याची पद्धत विचाराल तर माझी साधी आहे. आधी एकदा नुसतं ऐकायचं, काही वाचायचं नाही, कोण कुठे काय एवढं पकडायचं. मग लिहिलेलं समोर घेऊन ऐकायचं, आणि मग एकदोन दिवसांनी भांडी घासताना किंवा चालताना परत. ऑडिओचा वेग कमी करू नका, असं माझं ठाम मत आहे, स्वर लांबतात आणि कानाला खोटी सवय लागते, त्यापेक्षा सोपी गोष्ट घ्या. अगदी सुरुवातीला 'ड्रीमिंग स्पॅनिश'चे व्हिडिओ छान आहेत, बोलता बोलता चित्रं काढतात, हातवारे करतात. जरा सराव झाला की 'रेडिओ आम्बुलान्ते', २०१२ पासून चालू आहे, लॅटिन अमेरिकेतल्या खऱ्या गोष्टी, प्रत्येक भागात वेगळा देश वेगळा उच्चार, आणि साइटवर सगळं लिहिलेलंही मिळतं. स्पेनच्या सरकारी रेडिओच्या इतिहासावरच्या डॉक्युमेंटरी आहेत, 'दोकुमेन्तोस' नावाने, त्या साधारण तासाच्या, जुनी भाषणं वगैरे मूळ आवाजात ऐकायला मिळतात, पण त्या घाईने सुरू करू नका, त्याला दम लागतो.

विषय कुठले घ्यायचे याचं सुचवते. पोतोसीची चांदी घ्या, आताच्या बोलिव्हियात चार हजार मीटरवर एक डोंगर, १५४५ मध्ये तिथे चांदी सापडली, आणि पाळीपाळीने सक्तीने आणलेल्या स्थानिक माणसांनी ती खणली, कित्येक तिथेच मेली. अमेरिकेतली ती चांदी युरोपमार्गे व्यापाऱ्यांबरोबर सुरतेला यायची आणि मुघल टांकसाळीत वितळून तिचे रुपये पडायचे. १६६४ मध्ये महाराजांनी सुरत लुटली ती सुरत इतकी श्रीमंत कशामुळे होती याचा एक धागा थेट त्या डोंगरापर्यंत जातो. हे कळल्यावर मी पोतोसीवरचं मिळेल ते ऐकलं.

दुसरी, मिर्रा नावाची मुलगी. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला भारतातून पळवली, पोर्तुगीजांच्या हाती पडली, कोचीनवरून मनिला, तिथे गुलाम म्हणून विकली गेली आणि तिथून गलबतावरून पॅसिफिक ओलांडून मेक्सिकोला. पुएब्ला शहरात ती कातारिना दे सान हुआन या नावाने जगली, लोक तिला संत मानायला लागले, १६८८ मध्ये वारली तेव्हा अंत्यदर्शनाला गर्दी उसळली. तिच्या धर्मगुरूने तिचं तीन खंडी चरित्र छापलं आणि इन्क्विझिशनने त्यावर बंदी घातली. त्या काळी तिथे आशियातून आलेल्या सगळ्यांनाच 'चिनो' म्हणत, म्हणून ही 'चीना पोब्लाना', पुएब्लाची चीना, आणि त्याच नावाचा मेक्सिकन बायकांचा प्रसिद्ध नक्षीदार पोशाख नंतरच्या दंतकथांनी तिच्याशी जोडून टाकला, प्रत्यक्षात ती बाई अगदी साध्या कपड्यांत राहायची. आपल्याकडची एक मुलगी, तिचं स्वतःच्या हातचं काही उरलेलं नाही, जे आहे ते सगळं दुसऱ्यांनी स्पॅनिशमध्ये लिहिलेलं. ते ऐकून समजावं एवढ्यासाठीसुद्धा ही भाषा शिकावी असं मला मनापासून वाटतं.

आणि पांडुरंग सदाशिव खानखोजे. १८८४ मध्ये वर्ध्याला जन्मलेले, परदेशातून इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या गदर चळवळीतले क्रांतिकारक, ब्रिटिश परत येऊ देईनात म्हणून फिरत फिरत १९२४ मध्ये मेक्सिकोला पोचले, आणि चापिंगोच्या शेतकी विद्यालयात स्पॅनिशमधून शिकवायला लागले! मक्यावर संशोधन केलं, गव्हावर केलं, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा काढल्या. दिएगो रिवेरा या मेक्सिकन चित्रकाराने मेक्सिको सिटीत शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर काढलेल्या चित्रात टेबलाशी बसून पाव मोडणारा माणूस आहे ना, ते खानखोजे. २०२२ मध्ये चापिंगोत त्यांचा पुतळाही बसवला. त्यांचं आडनाव इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं असतं आणि स्पॅनिश जीभ त्यातल्या शेवटच्या 'जे'चा 'खे' करते, 'कानकोखे', त्यामुळे कान तयार ठेवावा लागतो. बाकी त्या गोष्टीत येतं ते 'माइस' म्हणजे मका, 'त्रिगो' म्हणजे गहू, 'सेमिय्या' म्हणजे बी, 'काम्पेसीनो' म्हणजे शेतकरी, आणि शेतीचं थोडंफार माहीत असलेल्या माणसाला हे शब्द वाक्यातूनच कळतात. विदर्भातल्या कुणाला स्पॅनिश शिकायची असेल तर मी त्यांना इथूनच सुरू करायला सांगेन, आधी मका आणि बियाणं, विमानतळ आणि हॉटेलची वाक्यं नंतर केव्हाही होतात.