कळंब आधी की कवठेमहांकाळ? पोस्टग्रेस घरी बांधतानाच्या नोंदी

पोस्टग्रेस म्हणजे माहिती साठवणारा डेटाबेस. तो मी घरीच सोर्स कोडमधून बांधला, आणि माझ्या त्या पोस्टग्रेसमधला सगळ्यात मोठा बग अप्पांनी शोधला. अप्पा म्हणजे माझे वडील, एसटीतून निवृत्त झालेले वाहक. कंपायलर म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नाही आणि ठाऊक करून घ्यायचंही नाही. पण त्यांच्यापर्यंत यायला तीन शनिवार लागले, म्हणून क्रमानेच लिहितो.

पहिला शनिवार

टारबॉल (प्रसिद्ध आवृत्तीच्या सोर्सची एकत्र बांधलेली फाइल) नको, थेट विकासातला सोर्सच घ्यायचा हे आधीच ठरलं होतं. जुन्या लॅपटॉपवर डेबियन १२ आहे. गिटने (सोर्समधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) मास्टर, म्हणजे चालू विकासाची शाखा ओढली. मास्टरवर तेव्हा १९डेव्हल, म्हणजे तयार होत असलेली १९वी आवृत्ती, चालू होती, १८ तर सप्टेंबर २०२५ मध्येच बाहेर पडलं. क्लोन होईपर्यंत चहा झाला, आणि आल्यावर पहिलं काम काय केलं तर लॉग उलटा लावून पार तळाशी गेलो. तिथे जुलै १९९६ ची नोंद आहे: 'पोस्टग्रेस९५ १.०१ डिस्ट्रिब्यूशन, व्हर्जिन सोर्सेस'. बर्कलीत मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये हे काम सुरू केलं, ती आधीची दहा वर्षं या लॉगमध्ये नाहीत. पुढचं सगळं आहे, अगदी सीव्हीएस या गिटच्या आधीच्या साधनाच्या काळापासून. २०१० मध्ये गिटवर येताना त्यांनी इतिहास टाकून दिला नाही याचं मला फार अप्रूप वाटतं.

बांधायला बायसन, फ्लेक्स आणि पर्ल ही साधनं लागतातच. रीडलाइन आणि झेडलिब या लायब्ररींची डेव्ह पॅकेजं मी आधीच टाकून ठेवली होती. कॉन्फिगर, म्हणजे लागणारं सगळं मशीनवर आहे का हे तपासणारी स्क्रिप्ट, सुरू केलं, स्क्रीनवर 'चेकिंग, चेकिंग' अशी रांग लागली आणि मध्येच गाडी थांबली. आयसीयू (भाषेभाषेचे अक्षरक्रम ठाऊक असलेली लायब्ररी) सापडत नाही. त्याच संदेशाच्या शेवटी सल्लाही दिलेला: आयसीयू नको असेल तर विदाउट-आयसीयू वापरा.

रात्रीचे साडेअकरा. मी काय केलं ते ओळखलं असेलच. दिलेला फ्लॅग उचलला, चिकटवला आणि पुढे गेलो. १६व्या आवृत्तीपासून आयसीयू आपोआप धरलं जातं, नको असेल तर मुद्दाम नाही म्हणावं लागतं. मी ते मुद्दाम म्हटलं. विचार मात्र केला नाही.

चार कोअर कामाला लावून मेकला, म्हणजे प्रत्यक्ष बांधणीला, सात मिनिटं लागली. पंखा असा फिरला की शेजारच्या खोलीतून "अहो, मिक्सर बंद करा" अशी हाक आली.

दुसरा शनिवार

मेक चेक. हे प्रकरण ज्यांनी कधी चालवलं नाही त्यांनी एकदा नुसतं बघण्यासाठी तरी चालवावं. ते स्वतःचा एक तात्पुरता सर्व्हर उभा करतं, दोनशेच्या वर चाचण्या त्याच्यावर सोडतं, प्रत्येकीचं उत्तर एक्स्पेक्टेड फोल्डरमधल्या फाइलशी ताडून बघतं आणि सर्व्हर मोडून टाकतं. टेस्ट-सेटअपपासून सुरू होऊन ओके, ओके, ओके. त्यात कोलेट-आयसीयू-यूटीएफ८ नावाची चाचणीही ओके. म्हटलं, वा, आयसीयूशिवायही पास! (हे वाक्य लक्षात ठेवा.)

मग इन्स्टॉल आणि इनिटडीबी, म्हणजे रिकामा डेटाबेस मांडणं. आधी रूटवरून (प्रशासकाच्या खात्यावरून) केलं तर त्याने सरळ नकार दिला, म्हणून साध्या वापरकर्त्यावरून केलं. एन्कोडिंग यूटीएफ-८, लोकेल (भाषा आणि प्रदेशाचे नियम) काही नको. सर्व्हर सुरू झाला. पीएसक्यूएल, म्हणजे सर्व्हरशी बोलणारा क्लायंट, उघडलं तर म्हणे व्हार-रन-पोस्टग्रेसक्यूएल या फोल्डरात सॉकेट (जोडणीची फाइल) नाही.

सर्व्हर चालू दिसतोय, ५४३२ या पोर्टवर बसलाय, आणि क्लायंटला तो सापडत नाही. पाऊण तास गेला. कारण अगदी फालतू निघालं: मी हाक मारत होतो ते पीएसक्यूएल माझं नव्हतंच. डेबियनच्या पॅकेजमधलं १५ पाथमध्ये (प्रोग्राम शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) आधी येत होतं. डेबियनवाले सॉकेट व्हार-रनमध्ये ठेवतात, सोर्समधून बांधलेला पोस्टग्रेस टेम्पमध्ये ठेवतो. दोघं आपापल्या थांब्यावर एकमेकांची वाट बघत उभे. पाथची ओळ बदलली आणि भेट झाली.

सिलेक्ट व्हर्जनने '१९डेव्हल' छापलं तेव्हा रात्री एक वाजता एकट्यानेच टाळी वाजवली.

अप्पांचा शनिवार

बांधलेल्या डेटाबेसात काहीतरी भरायला हवं ना. अप्पांना आपण कुठल्या कुठल्या तालुक्यांत एसटी नेली याची यादी करायची होती. तालुके नावाचं टेबल केलं, नाव हा कॉलम. टेबल आणि कॉलमची नावं देवनागरीत ठेवली तर पोस्टग्रेस कुरकुर करत नाही, अवतरण चिन्हंही मागत नाही. यादी नावाने लावली, छापली आणि खुणा करायला पेनासकट त्यांच्या हातात दिली.

दहा मिनिटांनी हाक आली. "अरे, हे कळवण इथे कसं आलं?"

"बरोबर आहे की अप्पा, कल्याण, मग कळंब, कळमनुरी, कळवण..."

"आणि कवठेमहांकाळ त्याच्या खाली? ळ कुठे येतो? श ष स ह ळ क्ष ज्ञ. शाळेत गेलास का नाही?"

गेलो होतो. पण माझा डेटाबेस गेला नव्हता. लोकेल नसलं की तो अक्षरांच्या युनिकोड क्रमांकांवर रांग लावतो. त्या तक्त्यात ल ०९३२, ळ ०९३३ आणि व ०९३५. म्हणजे ळ लला खेटून बसलाय आणि व त्याच्या मागे. अप्पांच्या शाळेत ळ हच्या पलीकडे असतो. कवठेमहांकाळ आधी, कळंब-कळवण मागून, असंच हवं.

यावर औषध सोपं असतं: ऑर्डर बाय नाव, आणि पुढे आयसीयूचा मराठी क्रम सांगणारं कोलेट "एमआर-एक्स-आयसीयू". दुहेरी अवतरण विसरू नका, मधल्या आडव्या रेघांमुळे त्याशिवाय वाक्यच मोडतं. मी ते लिहिलं आणि उत्तर आलं की यूटीएफ-८ साठी असं कोलेशन (अक्षरक्रमाचे नियम) अस्तित्वात नाही.

तेव्हा साडेअकराचा तो फ्लॅग आठवला.

आणि ती 'ओके' चाचणी? फाइल उघडून बघितली. पहिल्या काही ओळींतच ती विचारते, एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे का, आयसीयूची कोलेशनं आहेत का? नसतील तर मुकाट्याने घरी जाते. अशा लवकर घरी जाण्यासाठीही एक्स्पेक्टेड फोल्डरात वेगळी फाइल ठेवलेली आहे, आणि तिच्याशी जुळलं की निकाल ओके. परीक्षेला हजेरी लावून कोरा पेपर दिला तरी पास. चाचणी लिहिणाऱ्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, सगळ्या प्रकारच्या बिल्डवर तीच चाचणी चालायला हवी. पण मेक चेक हिरवं म्हणजे हवं ते सगळं आत आहे, ही माझी समजूत त्या दिवशी गेली.

त्याच रात्री

लिब-आयसीयू-डेव्ह टाकलं, फ्लॅग काढून कॉन्फिगर पुन्हा चालवलं. या वेळी न थांबता गेलं. मेक मारलं तर काही सेकंदांत संपलं. खूश होऊन इन्स्टॉल केलं, सर्व्हर परत सुरू केला. तेच, कोलेशन नाही.

सात मिनिटांचं काम काही सेकंदांत झालं तेव्हाच शंका यायला हवी होती. कॉन्फिगरने हेडर फाइल (बाकीच्या फाइली जिच्यातल्या व्याख्या वापरतात ती) बदलली, पण एनेबल-डिपेंड हा पर्याय दिलेला नसेल तर पोस्टग्रेसची मेकफाइल हेडर बदललाय की नाही हे बघत नाही. सी फाइल जुनी, तिच्यातून बांधलेली ऑब्जेक्ट फाइल तिच्यापेक्षा नवी, म्हणजे काम झालेलं आहे असं ती समजते. पर्याय बदलले की आधी मेक क्लीन, म्हणजे जुनी बांधणी पुसणं, हे मी आता लॅपटॉपच्या कडेला चिठ्ठीवर लिहून चिकटवलंय.

इथवर ठीक होतं. क्लीन करायचंच आहे तर ताजा सोर्सही ओढून घेऊ, असं मला वाटलं, आणि तिथे घात झाला. गिट पुल, क्लीन, कॉन्फिगर, मेक, त्याच जागी इन्स्टॉल. सर्व्हर उठेना. डेटाबेसच्या फाइली या सर्व्हरशी जुळत नाहीत, आणि खाली मायेने दिलेला सल्ला: 'इट लुक्स लाइक यू नीड टू इनिटडीबी.' म्हणजे बाबा, सगळं पुसून नव्याने मांड.

सिस्टिम कॅटलॉगची (डेटाबेसच्या स्वतःच्या नोंदवहीची) रचना बदलली की विकासक कॅटव्हर्जन-डॉट-एच या फाइलमधला एक आकडा वाढवतात. आकडा म्हणजे तारीख आणि शेवटी त्या दिवसाचा अनुक्रमांक. इनिटडीबी तो डेटा फोल्डरात कोरून ठेवतं. प्रसिद्ध झालेल्या आवृत्तीत तो मधेच बदलत नाही, मास्टरवर मात्र कधीही बदलू शकतो. अप्पांची यादी माझ्याकडे फक्त त्या डेटात होती, जुना सर्व्हर मी स्वतः पुसला होता आणि तो कुठल्या कमिटवरून (गिटमध्ये नोंदलेल्या बदलावरून) बांधला हे लिहून ठेवलं नव्हतं.

पण त्रुटीच्या संदेशातच जुना आकडा दिलेला असतो. गिट लॉगला कॅपिटल एसच्या पर्यायाने तो आकडा कॅटव्हर्जन फाइलमध्ये शोधायला सांगितला. दोन कमिट आले, एकात तो आला आणि एकात गेला. त्यांच्या मधला सगळा सोर्स माझ्या डेटाला चालणार होता. गिटची वर्कट्री (सोर्सची वेगळी प्रत) करून तिथला एक कमिट वेगळ्या फोल्डरात बांधला, जुना डेटा त्याच्यावर उठवला, पीजी-डंप (डेटाची प्रत) घेतला. पहाटेचे सव्वातीन. डंप फाइल उघडली, करमाळा दिसला, झोपलो.

चौथा शनिवार

मेसन या बांधणीच्या दुसऱ्या साधनावर आलो. १६व्या आवृत्तीपासून तो पर्याय आहे, आणि त्यात मेकचं काम करणारा निंजा हेडरवर बरोबर नजर ठेवतो. आधी त्याने सोर्स फोल्डर स्वच्छ नाही म्हणून अडवलं, कारण आत माझ्या कॉन्फिगरचा पसारा होता. गिट क्लीनने झाडून काढलं. (डेटा फोल्डर सोर्सच्या आतच ठेवणाऱ्यांनी जपून. एक्स, डी, एफ हे पर्याय दिले की तोही केरात जातो.)

मेसनची एक गोष्ट मात्र मला खटकते. कॉन्फिगर निदान आयसीयू नाही म्हणून अडून बसलं होतं. मेसनमध्ये हे पर्याय मुळात ऑटो असतात. लायब्ररी सापडली तर घेतो, नाहीतर न बोलता पुढे जातो आणि शेवटच्या लांबलचक तक्त्यात आयसीयूपुढे 'नो' लिहितो. तो तक्ता कोण वाचतं? मी तरी पहिल्या शनिवारी वाचला नसता. म्हणून डी-आयसीयू-इनेबल्ड असं स्पष्ट देतो. नसेल तर तिथेच ओरड म्हणावं.

आता इन्स्टॉलही दर वेळी नव्या फोल्डरात करतो, नावात तारीख आणि कमिटची पहिली सात अक्षरं. जागा खातं, खाऊ दे.

नव्या इनिटडीबीने मराठीचं कोलेशन आपसूक आणलं. जुनाच डेटा ठेवून नुसता सर्व्हर आयसीयूसकट बांधला असता तर ते आपोआप आलं नसतं, पीजी-इम्पोर्ट-सिस्टिम-कोलेशन्स हे फंक्शन हाताने चालवावं लागलं असतं. डंप परत भरला. कल्याण, कवठेमहांकाळ, कळंब, कळमनुरी, कळमेश्वर, कळवण. कॉलमवर याच कोलेशनचा इंडेक्सही केला. डेबियन वर चढवताना आयसीयूची आवृत्ती बदलेल तेव्हा तो रीइंडेक्स करावा, म्हणजे नव्याने बांधावा लागणार, तेही चिठ्ठीवर लिहिलंय.

यादी पुन्हा छापून दिली. अप्पांनी चष्मा लावून बोट फिरवलं, ळपाशी थांबले, मान हलवली. मग पान उलटून म्हणाले, "यात कर्जत दोनदा आहे, कळंब दोनदा आहे, खेडपण दोनदा. मी रायगडच्या कर्जतला गेलोय, नगरच्या नाही. खूण कुठल्या कर्जतपुढे करू?"

यात पोस्टग्रेसचा काही दोष नाही. जिल्ह्याचा कॉलम आज रात्री टाकतो.