शेरूची साखळी

काल रात्री सीनेच्या काठाला मामांच्या रानात तंबू ठोकलेला, शेरू एकदम उठून गुरगुरायला लागला, टॉर्च मारला तर बांधावर दोन डोळे चमकले. खोकड, म्हणजे माळावरचा छोटा कोल्हा! एवढंसं अंग, झुपकेदार शेपूट अन् त्याचं टोक काळंभोर.

धाकटा शेरूला सोडणारच होता, तेवढ्यात वाड्यावरचे मेंढपाळ आजोबा म्हणाले, "सोडू नगं बाळा, माळ त्येचा हाय."

तेच दिवसभर डोक्यात फिरतंय. आपल्या कुत्र्यांकडून रेबीज, डिस्टेंपर (कुत्र्यांचा जीवघेणा साथीचा रोग) खोकडांना अन् लांडग्यांना पण लागतो. माळढोक पक्ष्यासाठी सोलापूरजवळच्या नान्नजला १९७९ पासून अभयारण्य आहे, पण खोकड काय हद्द बघून राहत नाही, उसाच्या कडेला उरलेला पडीक माळ पण त्याचंच घर, अन् आपण त्याला रिकामी जागा म्हणतो.

तुमच्या वस्तीवरच्या कुत्र्यांना लस टोचलीय का?