टूम ऑफ ड्रॅक्युला रन अपडेट: दहा नंबर आला, एक नंबर अजून बाकी

मंडळी, मार्व्हलच्या टूम ऑफ ड्रॅक्युला या कॉमिकची रन, म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंतचे सगळे अंक, मी गोळा करतोय. मधे बरेच दिवस अपडेट दिलं नाही कारण देण्यासारखं काही नव्हतंच, सगळे लॉट (एकत्र विकायला काढलेले गठ्ठे) एकतर आधीच असलेल्या अंकांचे किंवा असे भाव लावलेले की बघूनच पान बंद करावं. आता मात्र रन चांगलीच पुढे सरकलीय. एकूण ७० अंक, कव्हरवरच्या तारखेने एप्रिल १९७२ ते ऑगस्ट १९७९, त्यातले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच राहिलेत आणि मुख्य म्हणजे दहा नंबर आला. हो, तोच, जुलै १९७३, व्हॅम्पायर मारणाऱ्या ब्लेड या पात्राचा पहिला अंक. स्लॅब (ग्रेड देऊन प्लास्टिकमध्ये सीलबंद केलेली कॉपी) नाही, रॉ म्हणजे सुटी कॉपी, ग्रेड माझ्या हिशोबाने दहापैकी ४.५, अगदी उदार झालो तर ५.०, आणि मी जाम खूश आहे.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी आधी थोडं की हीच सिरीज का धरली. १९५४ मध्ये अमेरिकन प्रकाशकांनी स्वतःवरच कॉमिक्स कोड लादून घेतला त्यात व्हॅम्पायर, वेअरवुल्फ सगळ्यांना सरळ बंदी होती, म्हणजे कोडचा शिक्का हवा असेल तर ड्रॅक्युलाचं नाव काढायचं नाही. १९७१ मध्ये नियम सैल झाले आणि मार्व्हलने जणू दारातच उभं असल्यासारखी घाई केली, त्याच वर्षी स्पायडरमॅनच्या १०१ नंबरमध्ये मॉर्बियस, मग वेअरवुल्फ, मग ड्रॅक्युला. त्यामुळे ब्राँझ एजचा (साधारण १९७० च्या दशकातल्या अमेरिकन कॉमिक्सचा) हॉरर भाग कधी आणि का सुरू झाला ते या अंकांवरून बोट ठेवून दाखवता येतं, हे मला आवडतं. दुसरं म्हणजे सत्तरच्या सत्तर अंकांची पेन्सिल एकट्या जीन कोलनची. लेखक सुरुवातीला बदलत राहिले, जेरी कॉनवे, आर्ची गुडविन, गार्डनर फॉक्स असे दोन-दोन अंक करून गेले, पण सात नंबरपासून शेवटपर्यंत मार्व्ह वुल्फमन, आणि इंकिंग बहुतेक सगळीकडे टॉम पामरचं. कोलनची पेन्सिल म्हणजे नुसत्या धूसर छटा, त्या शाईत उतरवणं सोप्पं काम नाही, पामरला ते जमलं म्हणून ही पानं आजही वेगळी दिसतात. आणि सिरीज संपलेली आहे. सत्तरला दार बंद. गोळा करणाऱ्याला हे फार सोयीचं असतं, नाहीतर काही शीर्षकं अशी आहेत की आपण म्हातारे होऊ पण रन पूर्ण व्हायची नाही.

आता दहा नंबरची गोष्ट. या अंकाचा भाव कायम पडद्याकडे बघून हलतो. १९९८ च्या ब्लेड सिनेमानंतर लोकांना हा अंक माहीत झाला, मग जुलै २०१९ मध्ये सॅन डिएगो कॉमिक कॉनला माहेर्शाला अलीला घेऊन नवा सिनेमा जाहीर झाला आणि त्यानंतर २०२०-२१ मध्ये एकूणच कॉमिक्सच्या बाजाराला जे वेड लागलं त्यात हा अंक इतका वर गेला की मी त्याच्याकडे बघणंच सोडून दिलं होतं. पुढे सिनेमाच्या तारखा एकामागून एक पुढे ढकलल्या गेल्या, दिग्दर्शक बदलले, शेवटी तारीखच काढून टाकली आणि भाव घसरत घसरत खाली आला. त्या तीन-चार वर्षांत अंकात काय बदललं? काहीच नाही, तेच ते वर्तमानपत्री कागदाचे पिवळट पान. म्हणून माझं मत असं झालंय की बातमीवर चढलेला भाव बातमीवाल्यांना लखलाभ, आपण बातमी शिळी झाल्यावर जायचं. ज्यांनी वरच्या भावाला ९.८ घेतले त्यांचं काय झालं असेल ते तुम्हीच हिशोब करा.

९.८ वरून आठवलं. मला कायम विचारतात की इन्व्हेस्टमेंट म्हणून बघतोस तर हाय ग्रेड का घेत नाहीस. बघा, ९.६ आणि ९.८ मध्ये डोळ्यांना दिसणारा फरक म्हणजे स्पाइनवरची (अंकाच्या पाठीच्या घडीवरची) एखादी बारीक रेघ, पण किमतीत फरक कधी दुप्पट कधी त्याहून जास्त. आणि तो फरक टिकून आहे तो सेन्ससमध्ये (ग्रेडिंग कंपनीच्या नोंदीत) त्या ग्रेडच्या किती कॉप्या आहेत यावर. अंकांना ग्रेड देणारी कंपनी सीजीसी २००० साली सुरू झाली, तेव्हापासून सेन्ससचा आकडा वरच चाललाय, कारण लोक जुन्या कॉप्या प्रेस करून (दाबून लाटा-सुरकुत्या काढून) पुन्हा पाठवतात, ९.४ ची ९.६ होते, ९.६ ची ९.८ होते. म्हणजे तुम्ही ज्या दुर्मिळपणाचे पैसे मोजले तो दुर्मिळपणाच पातळ होत जातो. हे १९३० च्या शेवटच्या किंवा ४० च्या दशकातल्या अंकांना तितकं लागू नाही, ते युद्धकाळातल्या रद्दी मोहिमांत आणि एरवीही इतके गेले की उरलेत तेच मोजके, तिथे फाटकी कॉपीसुद्धा सोनं आहे, ॲक्शन कॉमिक्स एक नंबरची ८.५ कॉपी २०२४ मध्ये ६० लाख डॉलरला गेली ती काय उगाच नाही. पण १९७० च्या दशकात लोक आधीच अंक जपून ठेवायला लागले होते, ओव्हरस्ट्रीटची प्राइस गाइड १९७० पासून निघतेय, त्यामुळे आपल्या काळातले अंक तसे भरपूर आहेत. भरपूर असलेल्या गोष्टीच्या सर्वोत्तम कॉपीवर सगळे पैसे लावायला माझं मन होत नाही. ५.० ते ७.० मधली नीट तपासलेली कॉपी वर कमी जाते पण खालीही कमी येते, आणि उघडून वाचता येते हा बोनस.

तर दहा नंबर घेताना काय काय बघितलं ते लिहितो, कोणाला तरी उपयोग होईल. सेलरकडून आधी फोटो मागितले, पण नुसते कव्हरचे नाही, सेंटरफोल्डचा, आतल्या बाजूने दोन्ही स्टेपलचा, आणि कव्हरच्या आतल्या पांढऱ्या बाजूचा स्पाइनजवळचा. शेवटचा फोटो सगळ्यात महत्त्वाचा. हॉररच्या अंकांची कव्हरं बहुतेक गडद, काळ्या रंगावर क्रीज पडली की पांढरी रेघ दिसते आणि कोणीतरी पूर्वीच्या मालकाने काळा मार्कर फिरवलेला असतो. बाहेरून कळत नाही पण शाई आत झिरपते आणि कव्हरच्या आतल्या बाजूला डाग दिसतो. असा कलर टच असला की सीजीसीचं लेबल निळ्याचं जांभळं होऊ शकतं, म्हणजे रिस्टोर्ड, आणि मग भाव धाडकन खाली. दुसरं ट्रिमिंग, म्हणजे खराब कडा कापून सरळ करणं. कडा फार सरळ आणि धारदार दिसत असतील तर आनंदी होऊ नका, संशय घ्या, त्याच काळातल्या दुसऱ्या अंकावर ठेवून रुंदी-उंची बघा. अर्थात त्या काळातल्या छपाईत कटिंग इतकं वाकडंतिकडं असायचं की अर्धा मिलिमीटर इकडे तिकडे काही सिद्ध करत नाही (बहुतेक सगळी कॉमिक्स इलिनॉयमधल्या स्पार्टा गावातल्या वर्ल्ड कलर प्रेसमध्ये छापली जायची, आणि गुणवत्तेकडे बघायला कोणाला वेळ होता असं त्या अंकांकडे बघून वाटत नाही).

माझ्या कॉपीत वरच्या स्टेपलजवळ कव्हर थोडं सैल आहे पण सुटलेलं नाही, मागच्या कव्हरवर एक लांब क्रीज जी रंग तोडते, खालचा कोपरा बोथट. पानं क्रीम टू ऑफ व्हाइट. स्टेपलला गंज नाही, हे मला पानांच्या रंगापेक्षा जास्त महत्त्वाचं, कारण गंज कागदात उतरला की तो भाग हळूहळू खातोच. प्रेसिंग करू का असा विचार आला होता, पण ज्या क्रीजने रंग तुटलाय ती प्रेसिंगने जात नाही, उरलेल्या किरकोळ लाटा निघतील आणि ग्रेड वाढला तर अर्ध्याने, त्यासाठी प्रेसिंगचे, मग ग्रेडिंगचे, मग दोन्हीकडच्या शिपिंगचे पैसे. नको. तशीच राहू दे.

आता त्रासाचा भाग, व्हॅल्यू स्टॅम्प. मार्च १९७४ पासून मार्व्हलने वाचकांच्या पत्रांच्या पानावर छोटे स्टॅम्प छापायला सुरुवात केली, शंभरचा सेट, मुलांनी कापून पुस्तिकेत चिकटवायचे. मुलांनी कापले. आपल्या रनमध्ये हा प्रकार १८ नंबरपासून सुरू होतो आणि मधल्या अंकांना ऐन भरात आहे. बाहेरून अंक ८.० सारखा चकाचक दिसतो आणि आत पानाला चौकोनी खिडकी. हल्क १८१ मुळे (वुल्व्हरिनचा तो महागडा अंक) हे आता सगळ्यांना माहीत आहे, तिथे स्टॅम्प नसला की किंमत कोसळते, पण स्वस्त अंकांच्या बाबतीत सेलर तपासतच नाहीत. मी घेतलेल्या एका लॉटमध्ये लिहिलं होतं सगळे अंक पूर्ण, आणि विशीतल्या एका अंकात खिडकी निघाली. मेसेज केला, फोटो पाठवला, बराच वेळ मला स्टॅम्प म्हणजे काय हेच समजावून सांगावं लागलं, शेवटी त्या अंकाचे पैसे परत आले. अंक मी ठेवलाय, वाचायला. नियम एकच, १९७४-७५ चा अंक आला की बॅगमधून काढून पान न पान उलटायचं, ग्रेड नंतर.

आणि एक गंमत जी शोधत नसलो तरी डोळ्याच्या कोपऱ्यात ठेवलीय. १९७६ मध्ये मार्व्हल २५ सेंटवरून ३० सेंटवर जाणार होतं, त्याआधी मोजक्या भागात काही अंक ३० सेंट छापून चाचणी घेतली, कव्हर तारीख एप्रिल ते ऑगस्ट. तसंच १९७७ मध्ये ३० वरून ३५ ला जाताना, जून ते ऑक्टोबर. बाकी अंक हुबेहूब तोच, फक्त किमतीचा आकडा वेगळा, आणि ते फार कमी छापले गेले. आपल्या रनमधले चाळिशीतले आणि पन्नाशीच्या शेवटचे काही अंक त्यात बसतात. मोठमोठ्या लॉटमध्ये कोणी किमतीचा आकडा बघत नाही म्हणून फोटो झूम करून बघायची सवय लावून घेतलीय. अजून एकही लागलेला नाही. ४३, ४४ चे जे आलेत ते साधे २५ वाले.

४४ नंबर मात्र वाचून मजा आली, मे १९७६, डॉक्टर स्ट्रेंज १४ मध्ये गोष्ट पुढे जाते. आणि इथेच माझा रनचा हिशोब बिघडतो. १८ ची गोष्ट वेअरवुल्फ बाय नाइट १५ मध्ये संपते, मग तो घ्यायला नको का? ड्रॅक्युलाची मुलगी लिलिथ जायंट साइझ चिलर्स १ मध्ये येते, जायंट साइझ ड्रॅक्युला तिथूनच पुढे दोन नंबरपासून सुरू होतो, पाच नंबरमध्ये जॉन बर्नचं मार्व्हलसाठीचं सुरुवातीचं काम. म्हणजे ७० चे पंचाहत्तर-सत्त्याहत्तर होतात. बायकोला अजून ७० च माहीत आहेत.

साठवणुकीत एवढाच बदल की स्वस्त पॉलिप्रॉपिलीनच्या बॅगांमधून एक, दहा, पंचवीस, पन्नास असे थोडे अंक मायलरच्या (जास्त टिकाऊ पॉलिएस्टर फिल्मच्या) बॅगांमध्ये हलवतोय (एकची जागा रिकामीच आहे, बॅग तयार आहे). वर्तमानपत्री कागदात लिग्निन असतं, तो स्वतःच्याच आम्लाने पिवळा पडतो, बॅग बदलून ते थांबत नाही, पण उष्णता, उजेड आणि दमट हवा टाळली तर वेग कमी होतो. बॉक्स जमिनीवर नको, बाहेरच्या भिंतीला टेकून नको, अंक उभे आणि घट्टही नाही सैलही नाही. आणि बोर्ड ॲसिड फ्री असं छापलेलं असलं तरी बऱ्याचदा बफर फक्त वरच्या थरात असतो, काही वर्षांनी बदलावे लागतात. करंट साइझच्या (आजच्या अंकांच्या मापाच्या) बॅगा घेऊ नका, १९७० च्या दशकातले अंक रुंद असतात, कोपरे तिथेच दुमडतात.

विकायचं झालं तर काय, हाही प्रश्न येतो. पूर्ण रन एकत्र विकली तर सुट्ट्या बेरजेपेक्षा कमीच मिळते, घेणारा डीलर असेल तर त्याला त्याचा वाटा हवा असतो. सुटे विकले तर 'की' अंक (एखादं पात्र पहिल्यांदा येतं तसे महत्त्वाचे अंक) पटकन जातात आणि उरलेले पन्नास तुमच्याकडेच राहतात. म्हणून मी 'की' अंकांचे आणि बाकीच्यांचे पैसे वेगवेगळे मांडतो. बाकीचे म्हणजे छंदाचा खर्च, परत येतील असं धरतच नाही. 'की' म्हणजे दहा, एक, थोडंफार १३ (डीकन फ्रॉस्ट पहिल्यांदा येतो) आणि २५ (हॅनिबल किंग पहिल्यांदा येतो). भाव बघताना मागितलेला नाही, प्रत्यक्ष विकला गेलेला बघतो, तोही शेवटच्या एका सौद्याचा नाही.

राहिलेले: १, १३, आणि साठच्या पुढचे दोन-तीन. साठच्या पुढचे मिळतील, नुसती चांगली कॉपी भेटत नाहीये, ७० नंबर जाडजूड असल्यामुळे स्पाइनला ताण पडतो आणि बहुतेक कॉप्यांची स्पाइन रोल झालेली (वळून एका बाजूला सरकलेली) असते. एक नंबर, नील ॲडम्सचं कव्हर, ४.० ते ६.०, कलर टच नको, सबस्क्रिप्शनची (टपालाने पाठवताना घातलेली) उभी घडी चालेल, मागच्या कव्हरवर नाव लिहिलेलं चालेल, स्टेपल मूळचेच हवेत. कोणाकडे डबल असेल तर बदल्यात वेअरवुल्फ बाय नाइटचे सुरुवातीचे काही अंक देऊ शकतो, ३२ सोडून, तो मून नाइटचा पहिला अंक आहे, तो मी नाही देणार.