नाकाच्या दुसऱ्या ऑपरेशनआधी: ठाणे ते वाशी

मंगळवारी आई आणि मी ठाण्याहून वाशीला डॉक्टरांना दाखवायला गेलो. साडेअकराची वेळ होती, म्हणून ऑफिसची गर्दी ओसरल्यावर ट्रान्स-हार्बरची लोकल पकडली. ऑपरेशननंतर तपासणीला जाणाऱ्यांनी तर ती गर्दी टाळाच. दारात कुणाचं कोपर नाकावर बसलं तर सगळं मुसळ केरात.

माझं पहिलं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वी दुसरीकडे झालं. पुढे नाकाचा दांडा बसला आणि श्वास घेताना डावी नाकपुडी आत ओढली जाऊ लागली. डॉक्टरांनी कापसाच्या काडीने ती बाजू आतून अलगद उचलून धरली, आणि हवा सरसर आत गेली. दोन वर्षांनी! डोळ्यांत पाणीच आलं.

मग मुद्द्याचं बोलणं झालं. आधाराला कूर्चा लागते, म्हणजे नाका-कानात असतं ते हाडापेक्षा मऊ, लवचीक ऊतक. पहिली पसंती दोन नाकपुड्यांमधल्या पडद्यातली, पण माझी ती आधीच वापरून झाली आहे. कानाची मऊ आणि मुळातच वाकलेली. नाकपुडीला चालते, दांड्याला सहसा पुरत नाही. बरगडीची भक्कम आणि भरपूर, पण ती पुढे वाकू शकते, आणि काढताना फुप्फुसाच्या आवरणाला इजा होण्याचा थोडा धोका असतो. शिवाय जुन्या ऑपरेशनमुळे आतलं सगळं एकमेकांना चिकटलेलं असतं, रक्तपुरवठाही कमी. म्हणून पहिल्या ऑपरेशनला निदान वर्ष व्हायच्या आत घाई करू नका, आणि सिगारेट ओढत असाल तर आधी ती सोडा.

"डॉक्टर, पोरीच्या छातीवर व्रण राहील का हो?" आईने विचारलं. उत्तर द्यायच्या आधी त्यांनी माझा कान वळवून पाहिला. वर टोचलेल्या जागी हरभऱ्याएवढी टणक गाठ आहे. किलॉइड, म्हणजे मूळ जखमेच्या बाहेर वाढत जाणारा व्रण. कानातलं बाधलं असेल म्हणून मी ती कधी कुणाला दाखवलीच नव्हती. अशी प्रवृत्ती असली तर छातीवरचा आणि कानामागचा व्रणही तसाच वाढू शकतो. म्हणून कळकळीने सांगते, लसीचा, भाजल्याचा, टाक्यांचा, अंगावरचा प्रत्येक जुना व्रण डॉक्टरांनी विचारलं नाही तरी दाखवा.

फाइलमध्ये पहिल्या ऑपरेशनआधीचे फोटो ठेवा. नुसतं डिस्चार्ज कार्ड पुरत नाही. कुठली कूर्चा काढली, कुठे बसवली हे लिहिलेली ऑपरेशन नोट लागते. माझ्याकडे ती नव्हती, त्यामुळे बरगडी की कान हे ठरलंच नाही. जुन्या रुग्णालयात लेखी अर्ज कालच दिला. नोट हातात आली की पुन्हा वाशी.