ट्रीटमेंट कधी संपणार?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. तुम्ही म्हणजे कोणी एक माणूस नाही. ऑफिसातले, नात्यातले, लेकीच्या मैत्रिणींच्या आया, जिन्यात भेटणारे. प्रश्न तोच, "मग, ट्रीटमेंट कधी संपणार?" मी म्हणते, "चालू आहे." तुम्ही म्हणता, "अजून?" त्या ‘अजून’मध्ये काळजी असते हे मला कळतं, पण थोडी अधीरताही असते. आजवर दर वेळी मी विषय बदलला. आज बदलत नाही.

संपणार नाही. आताची औषधं लागू पडताहेत तोवर ही, ती चालेनाशी झाली की दुसरी, मग तिसरी. स्तनाचा कॅन्सर परत आला तो हाडांत, मणक्यात आणि खुब्यात. हाडांत असला तरी तो स्तनाचाच कॅन्सर आहे आणि त्याला औषधंही त्याचीच चालतात. स्टेज फोर, म्हणजे दूरच्या अवयवात पसरलेला, डॉक्टरांच्या भाषेत मेटास्टॅटिक. आजच्या घडीला तो शरीरातून पूर्ण घालवता येत नाही, दाबून ठेवता येतो. माझा सध्या दबलेला आहे.

"पण तुम्ही तर छान दिसता!" दिसते, कारण डोक्यावर केस आहेत. तुमच्या डोळ्यांपुढे कॅन्सर म्हणजे केमो आणि टक्कल. माझी ट्रीटमेंट गोळ्यांची आहे, त्यांनी केस विरळ झाले, गेले नाहीत. माझा कॅन्सर इस्ट्रोजेन या हार्मोनवर वाढतो. म्हणून आधी ओव्हरीज काढल्या. हा उपाय नवा नाही. जॉर्ज बीटसन नावाच्या ग्लासगोच्या सर्जनने पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरसाठी ओव्हरीज काढून बघितल्या आणि १८९६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते लिहिलं. गाठी आक्रसल्या होत्या. का, ते त्यालाही धड सांगता आलं नाही, इस्ट्रोजेनचा शोधच लागायचा होता. माझ्या ऑपरेशनच्या आदल्या रात्री मी हे वाचत बसले होते आणि मला त्याचा विलक्षण आधार वाटला होता. ओव्हरीज गेल्या तरी चरबीत आणि स्नायूंत थोडं इस्ट्रोजेन तयार होत राहतं. ते थांबवायला रोज लेट्रोझोल. सोबत पेशींचं विभाजन रोखणारं रायबोसिक्लिब, तीन आठवडे घ्यायचं आणि एक आठवडा सुट्टी. सुरुवातीला वरचेवर ईसीजी काढले, काउंट्स, म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या, तर अजूनही बघतात. काउंट फार खाली गेले तेव्हा रायबोसिक्लिबचा सहाशे मिलिग्रॅमचा डोस चारशेवर आणला.

बाहेरून यातलं काहीच दिसत नाही. सकाळी बोटं आखडलेली असतात, ती माझ्या लेकीला दिसतात. टूथपेस्टचं झाकण ती आदल्या रात्रीच सैल करून ठेवते. मी तिला कधी सांगितलं नव्हतं. एकदा झाकण सहज उघडलं, दुसऱ्या दिवशीही उघडलं, तेव्हा लक्षात आलं.

हे सगळं ऐकलं की तुम्ही म्हणता, "म्हणजे बीपी-शुगरसारखंच की! आयुष्यभर गोळ्या." सुरुवातीला मीही असंच सांगायची. सांगायला सोपं, ऐकणाऱ्यालाही हायसं वाटतं. पण ते अर्धंच खरं आहे. बीपीच्या माणसाला दर तीन महिन्यांनी स्कॅन करून ‘गोळी अजून चालते आहे का’ हे विचारायला जावं लागत नाही. स्कॅन आणि रिपोर्ट यांच्यामधल्या दिवसांत मी कोणाशी नीट बोलू शकत नाही. घरचे सांभाळून घेतात, तुम्हाला वाटतं मी तुसडी आहे. आकडा हवा असेल तर तोही सांगते. मासिक पाळी थांबलेल्या स्त्रियांवर रायबोसिक्लिबची जी मोठी ट्रायल झाली, तिचे आयुर्मानाचे निकाल २०२२ मध्ये छापून आले. नुसत्या लेट्रोझोलवर मध्यक ५१.४ महिने, रायबोसिक्लिब जोडल्यावर ६३.९. म्हणजे निम्म्या बायका त्याहून जास्त जगल्या आणि निम्म्या कमी. साडेबारा महिने जास्तीचे. कोणाला ते थोडे वाटतील. माझ्या लेकीचं एक अख्खं शाळेचं वर्ष त्यात बसतं, मला ते थोडे वाटत नाहीत.

आता तो दिवस सांगते. तुमच्या प्रश्नावर मी गप्प का होते, हे त्याशिवाय कळायचं नाही.

हाडं ठिसूळ होऊन मोडू नयेत म्हणून मला झोलेड्रॉनिक ॲसिडचं सलाईन घ्यावं लागतं. काम पंधरा मिनिटांचं, पण त्याआधी किडनी नीट चालते का ते सांगणारा क्रिएटिनिनचा रिपोर्ट, मग नंबर, मग शीर सापडणं. डाव्या काखेतल्या गाठी पहिल्या ऑपरेशनमध्ये काढल्या आहेत, त्यामुळे त्या हाताला टोचायचं नाही. सगळा भार उजव्या हातावर, आणि त्या शिरा आता दमल्यात. त्या दिवशी सिस्टरने मनगटाजवळ बघितलं, कोपरापाशी बघितलं, शेवटी हाताच्या पाठीवर बारीक सुई लागली. डे-केअर वॉर्डात ओळीने खुर्च्या, मी भिंतीकडच्या.

समोरच्या खुर्चीतल्या मुलीची शेवटची केमो होती. तिशीची असेल. आम्ही चेहऱ्याने ओळखायचो, हसायचो. तिची ड्रिप संपली, सुई निघाली, कापूस दाबून धरत ती उठली आणि दाराजवळच्या घंटेपाशी गेली. ट्रीटमेंट संपली की वाजवायची ती घंटा. १९९६ साली ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन या कॅन्सर हॉस्पिटलात इर्व्ह ले मॉइन नावाच्या अमेरिकी नौदलातल्या रिअर ॲडमिरलने ही प्रथा सुरू केली. नौदलात कामगिरी फत्ते झाली की घंटा वाजवतात, तशी त्याने रेडिएशन संपल्यावर वाजवली. तिथून ती जगभर गेली. मुलीची आई रडत होती, भाऊ मोबाइल धरून उभा होता. तिने दोरी ओढली, तीनदा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझा सुईचा हात हलवायचा नव्हता, म्हणून मी दुसऱ्या हाताने मांडीवर थापा मारल्या. मला मनापासून आनंद झाला होता. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल की मी जळले. नाही जळले.

मग ती एकेका खुर्चीपाशी जाऊन सगळ्यांना भेटत आली. माझ्यापाशी आली, माझा मोकळा हात हातात घेतला आणि म्हणाली, "ताई, आता तुमचा नंबर! किती राहिल्या तुमच्या?"

मी शब्द जुळवत होते. तेवढ्यात माझं सलाईन बघायला आलेली सिस्टर बोलून गेली, "त्यांची नाही संपायची. त्या मेटास्टॅटिक आहेत."

वाईट हेतू नव्हता. फाइलमध्ये आहे तेच तिने सांगितलं आणि ड्रिपचा वेग बघून ती पुढच्या पेशंटकडे गेली. पण त्या मुलीचा हात. हिसका नव्हता, तिने तो हळूच सोडवून घेतला, स्कार्फ सारखा करायचं निमित्त करून. तिच्या चेहऱ्यावर कीव असती तर मी सहन केली असती, कीवेची सवय झाली आहे. तिथे भीती होती. ती "सॉरी" म्हणाली आणि पुढच्या खुर्चीकडे न जाता आईकडे परत गेली. भाऊ अजून शूटिंग करत होता, तिने त्याला हाताने थांबवलं.

मी काय बोलायला हवं होतं? "घाबरू नकोस, तुझं असं होणार नाही"? मला कुठे माहीत होतं? तिचा कॅन्सर कोणत्या प्रकारचा, कोणत्या स्टेजचा, काहीच ठाऊक नव्हतं. "मी बरी आहे गं"? त्या क्षणी तिला ते पटलं नसतं. सलाईन संपायला अजून वेळ होता. तेवढ्या वेळात वॉर्डातल्या कोणीही माझ्याकडे बघितलं नाही. घरी, ऑफिसात मी वेगळी पडते हे मला अंगवळणी पडलं होतं. पण त्या खोलीत तर सगळ्यांनाच कॅन्सर होता. तिथे तरी मी त्यांच्यातलीच आहे असं मी धरून चालले होते. ती सगळी संपण्याकडे निघालेली होती आणि मी त्यांना नको असलेलं उत्तर होते. तेव्हापासून "कधी संपणार" ऐकलं की मला आधी ती मुलगी आठवते, विचारणारं माणूस नंतर दिसतं.

ती घंटा मीही वाजवली आहे, पहिल्या वेळी, रेडिएशन संपलं तेव्हा. त्या वेळच्या स्वतःशी माझं अजून भांडण चालतं. मी विचारते, कशाला वाजवलीस? ती म्हणते, छातीची कातडी सोलली होती, भुवया गेल्या होत्या, तरी मी चालत तिथवर गेले, मग का नको वाजवू? बरोबर आहे तिचं. मी म्हणते, पण तू सगळ्यांना ‘संपलं’ म्हणून सांगितलंस, आणि आता तेच लोक मला विचारतात की परत कसं आलं, काय पथ्य मोडलंस. ती म्हणते, मला तेव्हा तो शब्द हवा होता. इथे आमचं अडतं.

पथ्य मोडून आलेला नाही तो. माझ्यासारख्या इस्ट्रोजेनवर वाढणाऱ्या कॅन्सरचा स्वभावच तसा. ६२ हजारांहून जास्त स्त्रियांचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षं हार्मोनच्या गोळ्या नीट घेऊन तोवर कॅन्सरमुक्त राहिलेल्या त्या स्त्रिया. तरी पाचव्या वर्षापासून विसाव्या वर्षापर्यंत कॅन्सर दूरच्या अवयवात परत येत राहिला, सुरुवातीची गाठ केवढी होती आणि काखेत किती गेला होता त्याप्रमाणे साधारण १३ ते ४१ टक्के स्त्रियांमध्ये. त्या सगळ्यांनी काय पथ्य मोडलं?

साखर सोडली का, हेही विचारता. नाही. शरीरातल्या निरोगी पेशीही ग्लुकोज वापरतात, मी खाल्ली नाही तर लिव्हर तयार करतं. वजन ढासळू न देणं आणि प्रोटीन पुरेसं जाणं याकडे माझं लक्ष असतं. एवढं पुरे.

व्यायामाचं मात्र तुम्ही उलट विचारता, "एवढ्या आजारात कशाला?" तर थकव्यासाठी. हा थकवा झोपून जात नाही, जितकी जास्त पडून राहते तितका वाढतो. २०१९ साली अमेरिकेतल्या स्पोर्ट्स मेडिसिनच्या तज्ज्ञांनी कॅन्सर पेशंटसाठी जे ठरवलं ते साधारण असं: आठवड्यातून तीनदा अर्धा-अर्धा तास दम लागेल इतपत चालणं किंवा तत्सम, आणि दोनदा ताकदीचे व्यायाम. माझ्या मणक्यात गाठी आहेत, म्हणून वाकून वजन उचलणं आणि कमरेतून पिळणं बंद. फिजिओथेरपिस्टने स्कॅन समोर ठेवून एकेक हालचाल ठरवून दिली आहे. खुर्चीवरून हात न टेकता उठणं हा माझा रोजचा व्यायाम आहे. ज्या दिवशी जमतं त्या दिवशी मी बाकीचाही दिवस स्वतःचा मानते.

पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे आजाराचा त्रास कमी करणाऱ्या, डॉक्टरांकडे जाते हे कळल्यावर नात्यातलं एक माणूस माझ्या नवऱ्याला बाजूला घेऊन विचारत होतं, "आता किती दिवस?" मी ते ऐकलं. त्या डॉक्टर माझं दुखणं, झोप, बद्धकोष्ठ, रात्री येणाऱ्या गरम वाफा बघतात. ट्रीटमेंट चालू असतानाच. बोस्टनमध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरच्या १५१ पेशंटचा अभ्यास झाला होता, तो २०१० साली प्रसिद्ध झाला. ज्यांना सुरुवातीपासून ही मदत मिळाली त्यांचं मन जास्त थाऱ्यावर राहिलं, शेवटी शेवटी त्यांनी आक्रमक ट्रीटमेंट कमी घेतली, आणि तरी ते जास्त जगले, ८.९ महिन्यांऐवजी ११.६. हे मी त्या माणसाला सांगितलं नाही. सांगायची ताकद नव्हती त्या दिवशी.

इतकं सगळं खडसावून सांगितलं, आणि तरी खरं सांगायचं तर संपावी असं मलाही वाटतं. सुट्टीच्या आठवड्यात काउंट सावरतात, अंगात जरा जीव येतो, आणि पुढचं पाकीट उघडायची वेळ आली की मी ते उद्यावर ढकलायची कारणं शोधते. ढकलत नाही. पण शोधते. तेव्हा तुमच्या प्रश्नाचा राग येतो तो काही अंशी यासाठीच, की तो माझाही प्रश्न आहे आणि मी त्याला घरात येऊ देत नाही. लेकीने एकदा विचारलं, "ही गोळी चालेनाशी झाली तर पुढची आहे ना?" आहे. "आणि त्याच्यापुढची?" मी म्हटलं, त्यावर लोक काम करताहेत. रायबोसिक्लिब माझ्या पहिल्या कॅन्सरच्या वेळी बाजारात नव्हतं, ते २०१७ मध्ये आलं. तिला हे पटलं की नाही, मला सांगता येत नाही.

मागच्या खेपेला त्याच सिस्टरने विचारलं, नव्याने स्टेज फोर कळलेल्या बायका येतात, फार घाबरलेल्या असतात, तुम्ही बोलाल का त्यांच्याशी? तिला तो दिवस आठवत नसावा. मी अजून हो म्हटलेलं नाही. त्या बायका पहिला प्रश्न तोच विचारतील. तुम्हाला मी हे एवढं लिहून सांगू शकले. समोर बसलेल्या, कालच रिपोर्ट हातात पडलेल्या बाईला ‘संपणार नाही’ हे मी कसं सांगेन, आणि सांगून झाल्यावर तिने हात काढून घेतला तर काय करेन, याचा विचार करते आहे. पुढचं सलाईन तीन महिन्यांनी आहे, तोवर तिला उत्तर द्यायचं आहे.