घागर तिथंच राहिली
शहापुरात आमचे दोन पॉवरलूम, वाटायचं तिसरा आला की सुख येईल, तो आला, मग गाडीपण आली, तरी रात्री झोप नाय ती नायच. एका पहाटे लाईट गेली, माग थांबले, त्या शांततेत मोबाईलच्या उजेडात बायबलातल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा 4था अध्याय वाचत बसलो. त्यातली ती शोमरोनी बाई, म्हणजे शोमरोन प्रांतातली, भर दुपारी विहिरीवर आलेली, 5 नवरे होऊन गेलेले, तहान तशीच. येशू तिला जिवंत पाण्याचं सांगतो, जे प्यायलं की परत तहान लागत नाय, आणि ती घागर तिथंच टाकून गावात जाते. 28वं वचन कितीदा वाचलंय मी, पण त्या दिवशी ती घागर माझीच वाटली बघा. आता रोज माग सुरू करायच्या आधी येशूशी बोलतो, पाठ केलेलं काय नाय, बापाशी बोलावं तसं. परवा सुताचा भाव वाढला, तेव्हापण पहिलं त्यालाच सांगितलं.